‘शुगरकेन’ : एका इंग्रजी समासाची व्युत्पत्ती आणि आपली पुराव्याची रीत

१

व्युत्पत्तीच्या क्षेत्रात चुकीचे उत्तर घातक असते हे सर्वमान्य आहे. चुकीच्या पुराव्याने मिळालेले बरोबर उत्तर त्याहूनही घातक असते, याकडे मात्र आपले पुरेसे लक्ष जात नाही. चुकीचे उत्तर आज ना उद्या उघडकीस येते. उत्तर बरोबर असले म्हणजे त्यामागचा पुरावा कोणी तपासून पाहत नाही, आणि तोच पुरावा पुढे दुसऱ्या शब्दांना लाविला जातो. ‘शुगरकेन’ या इंग्रजी सामासिक शब्दात हे दोन्ही प्रकार शेजारी शेजारी पाहावयास मिळतात, म्हणून त्याची चर्चा येथे थोड्या विस्ताराने करावयाचे योजिले आहे.

चर्चेचे निमित्त असे. आमच्या विभागाच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी बारामती तालुक्यातील पिंपळी व तिच्या आसपासच्या गावांतून ऊस आणि साखर या व्यवसायांतील शब्दांचा संग्रह केला. हा सारा टापू नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर पोसलेला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या पादात हा कालवा झाला आणि जिराईत मुलुखात ऊस स्थिरावला. पुढे १९३०च्या दशकात इंदापूर तालुक्यात वालचंदनगरचा साखर कारखाना उभा राहिला. त्यानंतर माळेगाव, भवानीनगर येथे सहकारी कारखाने निघाले. त्यामुळे येथील बोलीत शब्दांचे तीन थर सहज वेगळे करता येतात. शेतातला थर बेणे, टिपरी, कांडे, पेर, वाढे, पाचट, खोडवा, आडसाली असा आहे. गुऱ्हाळातला थर चुलवाण, काहील, काकवी, ढेप असा आहे. कारखान्यातल्या थरात गव्हाण, मोळी, मळी या शब्दांबरोबर केनयार्ड, क्रशिंग, रिकव्हरी, बगॅस असे इंग्रजीतून आलेले शब्दही सर्रास चालतात.

या संग्रहात एक पत्रिका अशी आढळली : ‘शुगरकेन : मूळ संस्कृत शर्करा + काण्ड. इंग्रजांनी उच्चार बदलून घेतला.’ माहिती देणाऱ्याच्या रकान्यात तेथील एका माध्यमिक शिक्षकाचा उल्लेख होता. संग्राहक विद्यार्थ्याने नेमस्तपणे आणखी एक प्रश्न विचारला होता, आणि त्याचे उत्तरही नोंदविले होते. ही व्युत्पत्ती आपण महाविद्यालयात असताना वर्गात ऐकली, असे त्या शिक्षकाने सांगितले होते. ज्या अध्यापकाच्या वर्गात ती ऐकली त्याचे नाव पुढे लिहिले होते. ते नाव प्रस्तुत लेखकाचे होते.

अध्यापनाच्या पहिल्या वर्षांत वर्ग जागा राहावा म्हणून मी असे काही बोललो असणे अगदी शक्य आहे. किंबहुना ‘शुगरमधला श ऐका, तो आपल्या शर्करेचाच आहे’ हे वाक्य मला स्वतःला आठवते. तेव्हा पुढील टीका प्रथम स्वतःवर आहे, आणि नंतर आपणा सर्वांच्या अंगी मुरलेल्या एका सवयीवर आहे.

२

प्रथम समासाचे पूर्वपद घेऊ. ‘शुगर’ या शब्दाचे मूळ ‘शर्करा’ या शब्दात आहे, याविषयी अभ्यासकांत मतभेद नाही. यूल आणि बर्नेल यांच्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या १८८६च्या कोशात ही हकिकत आहे, आणि ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशातही तीच आहे. परंतु ‘मूळ आहे’ एवढे म्हणून भागत नाही; शब्द कोणत्या मार्गाने गेला ते सांगितले पाहिजे.

संस्कृतात शर्करा म्हणजे मूळची खडी, रेतीचे बारीक खडे. पाणिनीने पाचव्या अध्यायात (५.२.१०४) वाळू आणि शर्करा यांना एकाच सूत्रात बसविले आहे, यावरून त्या शब्दाचे मूळ सोबती कोण ते कळते. उसाचा रस आटवून त्याचे दाणे धरण्याची कला साधल्यावर त्या दाणेदार पदार्थास खड्यांच्या साम्यावरून तेच नाव मिळाले. म्हणजे अर्थाचा पहिला बदल येथेच, या भूमीत झाला.

पुढे या शब्दाला दोन वाटा फुटल्या. पालीत त्याचे रूप ‘सक्खरा’ असे आहे. मराठी ‘साखर’ या शब्दात जो ख आहे तो याच प्रकारच्या महाप्राणयुक्त रूपाकडे बोट दाखवितो. ग्रीकांनी ‘साक्खारॉन’ हा शब्द घेतला त्यातही महाप्राण आहे. म्हणून तो संस्कृत रूपावरून नव्हे, तर बोलभाषेतील सक्खरेवरून गेला असे मानितात. शिकंदराचा नौदलप्रमुख निआर्कस याने हिंदुस्थानात मधमाश्यांवाचून मध देणारे बोरू आहेत असे कळविल्याचे स्ट्रॅबो सांगतो. इसवी सनाच्या पहिल्या शतकात डायोस्कोरिडीस आणि प्लिनी यांना साक्खारॉन माहीत होते, पण ते औषध म्हणून. ही पहिली वाट. आजच्या ‘सॅकरिन’ या नावात ती शिल्लक आहे.

‘शुगर’ मात्र या वाटेने आलेली नाही. ती दुसऱ्या वाटेची आहे. मध्य-इराणी भाषेत शब्द ‘शकर’ झाला, अरबीत ‘सुक्कर’ झाला. अरबांच्या राज्यविस्ताराबरोबर उसाची लागवड मिसर, सिसिली, स्पेन येथे पोहोचली आणि तिच्याबरोबर शब्दही पोहोचला. स्पॅनिश ‘असूकार’ या शब्दात अरबी उपपदही चिकटून आलेले आहे. इटालियनांनी ‘त्सुक्केरो’ म्हटले, फ्रेंचांनी ‘स्युक्र’ म्हटले, आणि फ्रेंचांकडून तेराव्या शतकाच्या अखेरीस तो इंग्रजीत आला.

या साखळीत एक दुवा फार महत्त्वाचा आहे. फारसी शकर अरबीत जाताना श गेला आणि स आला. अरबी वर्णमालेत श नाही असे नव्हे. तरीही रूप ‘सुक्कर’ असेच आहे. तेथून पुढे युरोपातील त्या मार्गावर कोठेही श नाही. मग इंग्रजी ‘शुगर’मधला श आला कोठून?

३

या प्रश्नाचे उत्तर संस्कृतात नाही. ते इंग्रजीच्या घरात आहे. इंग्रजीत हा शब्द आला तेव्हा त्याचा आरंभ दंत्य सकाराने होत असे. आजही त्याचे लेखन सकाराच्या अक्षराने होते, शकाराच्या जोडाक्षराने होत नाही. लेखनाने जुना उच्चार धरून ठेविला आहे. फ्रेंचांतून आलेल्या अशा शब्दांतील उकाराचा उच्चार इंग्रजीत ‘यु’सारखा होई. म्हणजे उच्चार ‘स्युगर’ असा झाला. स आणि य यांचा असा संयोग झाला की दोहोंचा मिळून तालव्य श होतो. ‘स्युअर’चा ‘शुअर’ झाला तो याच रीतीने. ‘मिशन’, ‘नेशन’ या शब्दांच्या मध्यभागी असलेला श हाही सकार आणि यकार यांच्या अशाच संयोगाचे फळ आहे.

मराठी भाषकाला हे पटविण्यासाठी इंग्रजीचा इतिहास वाचावयास लावण्याचेही कारण नाही. तो स्वतः दिवसातून शंभर वेळा हीच क्रिया करतो. मासा, परंतु माशाला. ससा, परंतु सशाचे. घसा, परंतु घशात. पैसा, परंतु पैशाने. मूळ सामान्यरूप ‘मास्या’, ‘घस्या’, ‘पैस्या’ असे. त्यातील स् आणि य् मिळून श झाला. ‘पैशाने’ या रूपातील श पाहून पैसा हा शब्द शकारादी किंवा शकारान्त अशा कोणत्या तरी संस्कृत शब्दापासून निघाला आहे, असे आपल्यापैकी कोणी म्हणणार नाही. मग ‘शुगर’मधील श पाहून शर्करेचा श आठवावयाचा तो कोणत्या न्यायाने?

तात्पर्य असे की, शर्करेतील श अरबीच्या उंबरठ्यावर नाहीसा झाला आणि शुगरमधील श अनेक शतकांनंतर इंग्लंडात नव्याने जन्मला. दोहोंचा संबंध नाही. दोन्ही शब्दांचा संबंध आहे, पण तो ज्या ध्वनीवर आपण बोट ठेवितो त्या ध्वनीमुळे नाही. ‘श ऐका’ असे वर्गात सांगणारा अध्यापक निष्कर्षापुरता बरोबर होता. पुराव्यापुरता साफ चुकला होता.

यावर असा आक्षेप येईल की, निष्कर्ष बरोबर असता पुराव्याची एवढी चिकित्सा कशाला? शब्द आपला तर आपला. याचे उत्तर समासाच्या उत्तरपदात आहे.

४

शुगरमध्ये ज्या कानाने शर्करा ऐकली, त्याच कानाने ‘केन’मध्ये काण्ड ऐकिले. साम्य मोहक आहे यात संशय नाही. क आहे, अनुनासिक आहे, आणि अर्थही जुळतो. कारण काण्ड म्हणजे वनस्पतीचे दांडे, आणि पिंपळीच्या शेतकऱ्याच्या तोंडी उसाच्या दोन पेरांमधल्या भागाला आजही ‘कांडे’ हाच शब्द आहे. इतके सारे जुळल्यावर शंका घेणारा मनुष्य अरसिक ठरावा, अशीच ही जुळणी आहे.

तथापि ही व्युत्पत्ती चूक आहे. इंग्रजी ‘केन’ हा जुन्या फ्रेंचमधून, फ्रेंच लॅटिन ‘कान्ना’वरून, आणि लॅटिन शब्द ग्रीक ‘कान्ना’वरून आला आहे. ग्रीकांनी तो सेमिटिक भाषांतून घेतला. अक्कडी भाषेतील ‘कनू’ आणि हिब्रूतील ‘काने’ हे त्याचे आप्त होत, आणि सर्वांचा अर्थ बोरू, वेत, नळ असाच आहे. मेसोपोटेमियाच्या दलदलीत बोरूचे रान अमाप. तेथील लोकांची घरे, चटया, लेखण्या त्याच्याच. तेथून शब्द पश्चिमेकडे गेला. ग्रीकांत तो इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात, अ‍ॅरिस्टोफेनीसच्या काळी, रुळलेला होता. निआर्कस सिंधूच्या मुखातून निघाला तो त्यानंतर सुमारे शंभर वर्षांनी. म्हणजे ऊस पाहण्यापूर्वीच ग्रीकांजवळ हा शब्द होता.

कालक्रमाचा हा पुरावा कोणाला अपुरा वाटत असेल तर ध्वनीचा पुरावा घ्यावा. संस्कृतातील ण्ड हा संयोग फारसी-अरबी मार्गाने युरोपात गेला म्हणजे त्याचे काय होते, हे आपल्याला दुसऱ्या एका शब्दावरून ठाऊक आहे. संस्कृत ‘खण्ड’ फारसीत ‘कंद’ झाला, अरबीत त्यापासून ‘कंदी’ हे विशेषण झाले, आणि अखेर इंग्रजीत ‘कँडी’ झाला. मूर्धन्य ध्वनी दंत्य झाला, महाप्राण गेला, पण अनुनासिकापुढील व्यंजन सर्वत्र टिकून राहिले. काण्ड हा शब्द शर्करेच्याच काफिल्याबरोबर गेला असता तर त्याचाही ड किंवा द कोठे तरी राहिला असता. ‘केन’मध्ये त्याचा मागमूस नाही, आणि त्याच्या कोणत्याही पूर्वरूपातही नाही.

आता या शोधातील सर्वांत मौजेची गोष्ट. ‘केन’चा एक खरा सोयरा पिंपळीत रोज बोलला जातो, आणि त्याच्याकडे कोणाचेही लक्ष गेलेले नाही. तो शब्द म्हणजे ‘कॅनॉल’. लॅटिन ‘कान्ना’ म्हणजे बोरू, पोकळ नळी. तिच्यावरून ‘कानालिस’ म्हणजे पाण्याची नळी, पन्हळ, पाट. आणि त्यावरून इंग्रजी ‘कॅनॉल’. नीरा डाव्या कालव्याला येथील लोक पाट म्हणतात, कालवा म्हणतात, आणि तितक्याच सहजतेने कॅनॉलही म्हणतात. कॅनॉलचे पाणी घेऊन केन वाढतो, आणि हे दोन्ही शब्द एकाच बोरूच्या बेटातले आहेत. कांडे आणि केन हे दिसण्यात भाऊ पण नात्याने परके; केन आणि कॅनॉल हे वापरात परके पण नात्याने भाऊ. कान आपल्याला पहिल्या जोडीकडे नेतो. दुसऱ्या जोडीकडे इतिहास नेतो, आणि कानाला तिची कल्पनाही नसते.

एकच रीत एका पदाला लावली तेव्हा उत्तर बरोबर आले आणि दुसऱ्या पदाला लावली तेव्हा चूक आले. ज्या रीतीने खरे आणि खोटे दोन्ही सारख्याच सुलभतेने सिद्ध होतात, ती रीत पुराव्याची नव्हे.

५

दोन्ही पदांची कुळकथा सांगून झाली म्हणजे समासाची व्युत्पत्ती सांगून झाली, असेही समजू नये. समासाला त्याच्या पदांहून निराळा इतिहास असतो. शुगर भारतातून निघाली, केन मेसोपोटेमियातून निघाला. त्यांची गाठ युरोपात पडली. संस्कृतात उसाच्या दांड्याला इक्षुदण्ड, इक्षुयष्टि, इक्षुकाण्ड असे समास आहेत; त्या सर्वांचे पूर्वपद इक्षु आहे. दांड्याला शर्करेच्या नावाने ओळखण्याची गरज येथे कोणाला भासली नाही. पत्रिकेवर लिहिलेला ‘शर्कराकाण्ड’ हा समास आम्ही पुढे बनविला, आणि त्याला इंग्रजी समासाचा पूर्वज ठरविले. नातवाच्या तोंडवळ्यावरून आजोबांचे चित्र काढावे आणि मग त्या चित्राचा पुरावा म्हणून उपयोग करावा, तसा हा प्रकार झाला.

युरोपात या समासाची पूर्वपीठिका निराळी आहे. मध्ययुगीन लॅटिनमध्ये उसाला ‘कान्ना मेल्लिस’, म्हणजे मधाचा बोरू, असे म्हणत. स्पॅनिशमध्ये त्यावरून ‘कान्यामिएल’ असा शब्द झाला, जुन्या फ्रेंचमध्येही त्याचे भावंड होते. निआर्कसने जी कल्पना बोलून दाखविली तीच दीड हजार वर्षांनी नाव होऊन बसली. पुढे साखर हा पदार्थ सर्वपरिचित झाला, मधाची उपमा अनावश्यक झाली, आणि मधाच्या जागी साखर आली. इंग्रजी समास या नव्या नामकरणाच्या पंक्तीतला आहे. त्याचा विग्रह ‘साखर देणारा बोरू’ असा, आणि प्रकार आपल्या परिभाषेत मध्यमपदलोपी तत्पुरुषाचा.

येथे एक प्रश्न विचारण्यासारखा आहे. इंग्रजीला उसासाठी समास का करावा लागला, आणि मराठीला का लागला नाही? मराठीत ‘ऊस’ हा एकपदी शब्द आहे. त्याची परंपरा निर्वेध आहे : संस्कृत इक्षु, पाली व प्राकृत उच्छु, मराठी ऊस. कुक्षि, कुच्छि, कूस ही साखळी त्याच्या शेजारी मांडिली म्हणजे नियम डोळ्यांपुढे उभा राहतो. झ्यूल ब्लॉक यांच्या ग्रंथाचे ‘मराठी भाषेचा विकास’ हे वासुदेव गोपाळ परांजपे यांनी १९४१ साली केलेले भाषांतर ज्यांनी अभ्यासिले असेल त्यांना क्ष, च्छ आणि स-श यांचा हा संबंध नवा नाही. क्षेत्रापासून शेत, मक्षिकेपासून माशी हे शब्द त्याच नियमाने झाले. ऊस आमच्या लोकांनी प्रथम पाहिला, लाविला, चोखला. रस, काकवी, गूळ, साखर ही पुढची पायरी. वनस्पतीला स्वतःचे नाव होते, पदार्थांना त्यांची. इंग्रजांना मात्र पदार्थ आधी भेटला, वाण्याच्या दुकानात. वनस्पती नंतर भेटली, तीही परमुलुखात. म्हणून पदार्थाच्या नावाने वनस्पतीची ओळख करून देणे भाग पडले. कोणत्या समाजाला कोणती वस्तू कोणत्या क्रमाने भेटली, हे समासाच्या बांधणीत असे टिकून राहते. ही माहिती ‘शर्कराकाण्ड’ या एका शिक्क्याने पुसली जाते. खोट्या व्युत्पत्तीमुळे होणारे नुकसान ते हेच. भाषेचे गौरव वाढत नाही. उलट भाषेजवळ असलेला पुरावा नष्ट होतो.

ज्यांना भारतीय मुळाचा इंग्रजी समास हवाच असेल, त्यांच्यासाठी एक खरा समास आहे : ‘शुगर-कँडी’. याची दोन्ही पदे शर्करा आणि खण्ड या संस्कृत शब्दांपर्यंत टप्प्याटप्प्याने दाखविता येतात, आणि अरबीत ‘सुक्कर कंदी’ अशी त्यांची जोडीही आढळते. आपल्याकडील खडीसाखर नेमकी तीच वस्तू. परंतु येथेही मोह आवरला पाहिजे. ‘कँडी म्हणजे आपली खडी’ असे म्हणण्यास मन धावते. मराठीत ण्ड हा संयोग अनुनासिकासह राहतो : दण्डापासून दांडा, भाण्डापासून भांडे, मण्डपापासून मांडव, खण्डापासून खांड. खडा आणि खडी यांत अनुनासिक नाही; तेव्हा त्यांना खण्डाच्या सरळ वंशात बसविता येत नाही. खडीसाखर आणि शुगर-कँडी या वस्तूने एक, अर्थाने जवळच्या, आणि समास म्हणून परस्परांहून स्वतंत्र आहेत. अशी स्थिती असू शकते, हे मान्य करण्याचे धैर्य व्युत्पत्तिकाराजवळ असले पाहिजे.

६

यावरून लोकव्युत्पत्ती ही टाकाऊ वस्तू आहे असा अर्थ कोणी काढू नये. ती भाषेतील एक जिवंत शक्ती आहे. फारसी ‘शकरपारा’ म्हणजे साखरेचा तुकडा. तो मराठीत आला आणि त्याचे ‘शंकरपाळे’ झाले. साखरेच्या जागी शंकर आला, कारण मराठी कानाला शकर परकी आणि शंकर घरचा. येथे लोकव्युत्पत्तीने शब्दाचे रूपच बदलले, म्हणून शंकरपाळ्याच्या इतिहासात तिची नोंद केलीच पाहिजे. तसेच आइसकँडीला कोणी ‘आइसकांडी’ म्हणतो तेव्हा तो कँडीचे मूळ सांगत नसतो. कांडी या ओळखीच्या शब्दाशी तिची सोयरीक जमवीत असतो. लोकव्युत्पत्ती हा बोलणाऱ्याविषयीचा पुरावा आहे. शब्दाच्या जन्माविषयीचा तो पुरावा नव्हे. हे दोन रकाने एकमेकांत मिसळले की घोटाळा होतो, आणि आमच्या पत्रिकेत नेमके तेच झाले.

या घोटाळ्यात संग्राहक विद्यार्थ्याचा दोष नाही. विभागाने छापून दिलेल्या पत्रिकेवरच ‘व्युत्पत्ती’ असा रकाना आहे. रकाना असला की तो भरावा लागतो, आणि शेतात उभ्या असलेल्या माणसाला आपण त्याच्या शब्दाचे मूळ विचारतो. तो बिचारा सौजन्याने काही तरी सांगतो. या माणसाकडे दुसरी कितीतरी मोलाची माहिती असते, ती विचारावयाची राहून जाते. पिंपळीच्याच संग्रहातील एक उदाहरण देतो. तेथे चहात घालतात ती ‘साखर’, आणि ‘त्याला शुगर आहे’ म्हणजे त्याला मधुमेह आहे. एकाच शर्करेचे दोन वंशज, एक घरी राहिलेला आणि एक जग फिरून परत आलेला, एकाच बोलीत वेगवेगळ्या कामाला लागले आहेत. एकाने पदार्थ घेतला, दुसऱ्याने रोग घेतला. ‘साखर वाढली’ म्हटले तर भाव वाढल्याची शंका येते, ‘शुगर वाढली’ म्हटले तर येत नाही. अर्थाची ही वाटणी केव्हा आणि कशी झाली, वयस्क स्त्रिया कोणता शब्द वापरतात, दवाखान्यात कोणता आणि घरात कोणता, हे सर्व आज जिवंत असलेल्या माणसांना विचारून समजण्यासारखे आहे. संग्राहकाने विचारावयाचे ते हे. शब्दाचे मूळ ग्रंथालयात शोधता येते. त्याचा आजचा वापर पिंपळीतच सापडतो.

तेव्हा दोन सूचना विभागापुढे ठेवितो. पहिली : क्षेत्रसंग्रहाच्या पत्रिकेवरील ‘व्युत्पत्ती’ हा रकाना काढून टाकावा, आणि त्या जागी ‘कोणी, कोणापाशी, कोणत्या प्रसंगी वापरला’ असा रकाना घालावा. लोकांनी आपण होऊन शब्दाचे मूळ सांगितले तर ते ‘लोकसमजूत’ म्हणून निराळे लिहावे. दुसरी : प्रबंधात कोणतीही व्युत्पत्ती मांडताना विद्यार्थ्याने तीन प्रश्नांची उत्तरे दिल्यावाचून ती स्वीकारू नये. हा ध्वनिबदल त्याच भाषेत, त्याच काळात, दुसऱ्या शब्दांतही झाला आहे काय? मधली रूपे लिखित पुराव्यात आढळतात काय? आणि ज्या वस्तूचे हे नाव, त्या वस्तूचा प्रवास शब्दाच्या प्रवासाशी जुळतो काय? ‘शुगर’ या तिन्ही प्रश्नांना उतरते. ‘केन म्हणजे काण्ड’ हे समीकरण एकालाही उतरत नाही. क. पां. कुलकर्णी यांच्या १९४६च्या ‘मराठी व्युत्पत्ति कोशा’नंतर आणि टर्नर यांच्या १९६६च्या भारतीय-आर्य भाषांच्या तौलनिक कोशानंतर मराठी शब्दांच्या बाबतीत केवळ ध्वनिसाम्यावर विसंबण्याचे कारण उरलेले नाही. इंग्रजी शब्दांच्या बाबतीत तर ते कधीच नव्हते.

‘शुगरकेन’ची ती पत्रिका फाडून टाकावी असे एका सहकाऱ्याने सुचविले. ती फाडलेली नाही. ‘व्युत्पत्ती’ या रकान्यातील मजकूर खोडून तो ‘लोकसमजूत’ या शीर्षकाखाली लिहिला आहे, आणि सांगणाऱ्याच्या जागी त्या शिक्षकाच्या नावाऐवजी माझे नाव घातले आहे. त्या शिक्षकासही पत्राने तसे कळविले. त्यांचे उत्तर आले. त्यांनी लिहिले आहे की दुरुस्ती मान्य आहे, वर्गात ती सांगितलीही; परंतु एका विद्यार्थ्याने नवाच प्रश्न काढला, इंग्रजी ‘पेपर’, म्हणजे मिरी, हा शब्द आपल्या पिंपळी गावाच्या नावावरून गेला काय? पेपरचे मूळ पिप्पली या औषधी शब्दात आहे, आणि तेथे लकाराचा रकार ग्रीकांपर्यंत पोहोचण्यापूर्वीच झालेला आहे, एवढे मी कळविले आहे. परंतु औषधाचे नाव आणि गावाचे नाव यांच्यामध्ये पिंपळाचे झाड उभे आहे. ते ओलांडण्यापूर्वी गावाची जुनी कागदपत्रे पाहावीत, असे त्या विद्यार्थ्याला सांगावयास मी त्यांना विनंती केली आहे.